गाडीला घरी रंग देताय? आधी काचा उतरवा



गळीत हंगाम संपला, उसाचं बिल हातात पडलं, की घरच्या जुन्या गाडीकडं लक्ष जातं. कुणाची जीप, कुणाची मारुती ८००, कुणाची ओम्नी. १५ वर्षं झाली की खाजगी गाडीची नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागते, अन् तपासणीला न्यायच्या आधी रंग मारून घेऊ असं घरात ठरतं. गावात कॉम्प्रेसर मिळतो, रंगाचा हात असलेलं पोरगंही असतं. मग काचांवर वर्तमानपत्र अन् टेप चिकटवून रंग उडवला जातो. नेमकं इथंच काम बिघडतं.

काच जागेवर ठेवली तर काय होतं?

काचेभोवतीच्या रबराच्या ओठाखाली पत्र्याची कडा असते. पावसाचं पाणी अन् आपल्या भागातली धूळ तिथं जाऊन बसते आणि पत्रा आतून गंजतो. वरून काहीच दिसत नाही. टेप लावून रंग मारला तर तो रबरापाशी येऊन थांबतो, खालचा गंज तसाच राहतो. शिवाय रंगाचा थर थोडा रबरावर अन् थोडा पत्र्यावर बसतो. रबर हलतं, पत्रा हलत नाही. त्यामुळं पहिल्या पावसाळ्यातच कडेचा रंग सुटतो, पाणी आत शिरतं आणि पायाखालचा पत्राही कुजायला लागतो. म्हणजे खर्च केला अन् गंज झाकला, एवढंच झालं.

आधी काच ओळखा

पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा घालून केलेली असते. तडकली तरी ती अंगावर पडत नाही. दाराच्या काचा बहुधा भट्टीत तापवून एकदम थंड केलेल्या, म्हणजे टफन्ड असतात. तळव्याची थाप त्या सोसतात, पण कडेला लोखंडाचा टोला बसला की सगळी काच साबुदाण्यासारखी सांडते. ही काच मागाहून कापताही येत नाही. काचेच्या कोपऱ्यात आय.एस. २५५३ असा शिक्का असतो, तो बघून घ्या. नवी काच घ्यायची झाली तरी हा शिक्का पाहूनच घ्या. खिडकीची साधी काच गाडीला बसवणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ आहे.

रबरात बसवलेली काच

जुन्या गाड्यांना रबराला दोन खाचा असतात. एकीत काच बसते, दुसरी पत्र्याची कडा धरते. हे काम घरी जमतं, पण माणसं दोन पाहिजेत. वायपर, आतला आरसा आणि बीडिंगची पट्टी आधी काढा. सकाळचं ऊन लागून रबर जरा मऊ झालं की कडेनं साबणाचं पाणी सोडा. तापलेल्या काचेवर गार पाणी मात्र एकदम ओतू नका. लाकडाची बोथट पट्टी घेऊन आतल्या बाजूनं रबराचा ओठ कडेवरून बाहेर सारत जा. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, काच तिथंच तडकते. मग आतल्यानं वरच्या कोपऱ्यापासून तळव्यानं हळूहळू दाबायचं, बाहेरच्यानं धरायचं. रबर कडक झालं असेल तर ओढाताण करू नका. धारदार चाकूनं बाहेरचा ओठ कापा आणि काच उचलून घ्या. रबर नवं मिळतं, काच वाचते.

जुन्या खुल्या जीपचं काम त्याहून सोपं. पुढची काच चौकटीसकट बॉनेटवर पाडता येते. चौकटच सोडवून बाजूला काढा.

दाराच्या काचेसाठी आतलं हँडल, काच फिरवायची मूठ आणि आतला पुठ्ठा काढा. काच खालच्या पट्टीपासून सोडवून वर घ्या. तेवढं जमत नसेल तर काच पूर्ण खाली घ्या, बाहेरची रबरी पट्टी काढा आणि फट नीट झाका.

चिकटवलेली काच

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांची पुढची काच रबरात नसते, पॉलियुरेथेनच्या चिकट मसाल्यानं पत्र्याला जोडलेली असते. गाडी उलटली तर छपराला ती आधार देते. अशा काचेला घरी हात लावू नका. कसबी माणूस तारेनं मसाला कापतो आणि नवा मसाला वाळेपर्यंत गाडी उभी ठेवतो.

काढल्यावर

काचा गोधडीवर किंवा पोत्यावर भिंतीला टेकून उभ्या ठेवा. आडव्या टाकू नका, एकावर एक रचू नका. डावी-उजवी लिहून ठेवा. आता कडेचा गंज वॉटर पेपरनं पार घासा, गंजरोधक प्रायमर द्या. कडेवर लांबीचा जाड थर देऊ नका. काच तिथं टेकते आणि पुढं खड्ड्यात गाडी आपटली की तडकते.

बसवताना

रंग पुरता कडक झाल्याशिवाय काच बसवू नका, रबर ओल्या रंगाला चिकटतं. आधी रबर काचेला घाला. रबराच्या दुसऱ्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून दोन्ही टोकं खाली मध्यभागी आत काढा. साबणाचं पाणी लावा, काच जागेवर टेकवा. आतल्यानं दोरी ओढत जायची, बाहेरच्यानं त्याच जागी तळव्यानं थापटायचं. ओठ आपोआप कडेवर चढतो. ग्रीस, डिझेल लावू नका, रबर फुगतं. शेवटी पाण्याची नळी सोडून गळती बघा.

जिवाची काळजी

थिनरची वाफ लांबूनही पेट घेते. बिडी, चूल, बंब जवळ नको. गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ रंग मारू नका. हार्डनर घालायचा पी.यू. रंग घरी उडवूच नका. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचा दम्यासारखा आजार लावतं, तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. ते काम बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या कारखान्यात करून घ्या.

कायद्याचं

आर.सी.वर रंगाची नोंद असते. रंग बदलायचा असेल तर आधी जालन्याच्या आर.टी.ओ. कार्यालयात विचारा. काचा काढल्याच आहेत तर काळी फिल्म लावू, असंही मनात आणू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये तिच्यावर बंदी घातली. नियमानं पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे.

आणखी एक. कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांनी हे काम गाळप बंद असताना करावं. धुराड्याची काजळी ओल्या रंगावर बसली तर सगळी मेहनत पुन्हा घासून काढावी लागेल. हंगाम संपल्यापासून मृगाच्या आधीपर्यंतचे दिवस या कामाला चांगले. एक दिवस काचांना द्या, रंग पुढं बरेच पावसाळे टिकेल.