पिशवीतला चहा आणि डब्यातला चहा

१८९० साली पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये चहाचे पेले फिरले, त्यापायी टिळक-रानड्यांसारख्या मातब्बरांवर ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा खटला, ओढवले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले, हे पाहता चहावरून पंक्तिभेद करण्याची मराठी माणसाची हौस आजकालची नव्हे हे मान्य करावे लागते. आणि ज्या वसाहतीची पायाभरणी १९४८ साली झाली, त्या बंगळूरच्या जयनगरात येऊन राहिलेल्या आपल्या मंडळींनी हा वारसा कृष्णा-तुंगभद्रा ओलांडताना वाटेत टाकून दिला, असेही म्हणता येत नाही. तेव्हा चहा कोणाच्या हातचा याची चौकशी होत असे. आता तो कशात बांधलेला आहे याची होते, इतकेच. टी-बॅगमधला तो हीन आणि डब्यातला सुटा तो कुलीन, असा निवाडा चौथ्या ब्लॉकातल्या किराणा दुकानात उभ्या उभ्या दिला जातो, आणि फिर्याद इतकी जुनी झालेली असते की पुरावा मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

सर्वांत चिवट समज असा, की कारखान्याच्या फरशीवरचा केर झाडून या पिशव्यांत भरतात. त्याचे मूळ ‘डस्ट’ या व्यापारी संज्ञेत आहे. तयार चहा कारखान्यात निरनिराळ्या चाळण्यांतून जातो; वर राहतो तो मोठा दाणा, त्याखाली बारीक, त्याखाली ‘फॅनिंग्ज’ आणि सर्वांत शेवटी ‘डस्ट’; ही प्रतवारी आकाराची आहे, गुणाची नव्हे, आणि एकाच मळ्यात एकाच दिवशी खुडलेल्या पानांपासून या सर्व प्रती निघू शकतात. निलगिरीतल्या कुन्नूरच्या लिलावात डस्टचा सौदा स्वतंत्रपणे होतो, दक्षिणेत तिला मोठी मागणी आहे, आणि जयनगरच्या ज्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खाण्याच्या उपाहारगृहात, चहा घेऊन आपण तृप्तीची मान डोलावतो, तिथेही बहुधा हीच भुकटी वापरलेली असते. खऱ्या केरासाठी, म्हणजे झाडलोट, देठ आणि लव यांसाठी, १९५९ सालचा टी वेस्ट नियंत्रण आदेश अमलात आहे. परवान्यावाचून त्या मालाची खरेदी-विक्री करता येत नाही. भेसळ करणारा इसम कायद्याला जुमानत नाही हे खरे. परंतु वापरलेला चोथा वाळवून, रंगवून विकायचा झाला तर त्याला सुटा माल अधिक सोयीचा पडतो. ज्यास खातरजमा करावयाची असेल त्याने टिपकागदावर चिमूटभर चहा पसरून वर पाण्याचा शिडकावा करावा आणि मग कागद नळाखाली धुऊन उजेडात धरावा. काळपट तपकिरी डाग उरले तर मुद्देमाल हाती लागला असे समजावे.

दुसरा समज पहिल्याचाच जोडीदार आहे: आपल्या डब्यात ‘पान’ आहे. घरातला चमचाभर चहा पांढऱ्या बशीत ओतून पाहिला, तर बहुतेक घरी मोहरीएवढे गोलसर, करड्या-काळ्या रंगाचे दाणे दिसतील. त्यांवर उकळते पाणी घालून पाच मिनिटे थांबले, तरी त्यांतून पान उलगडत नाही, फुगतो तो चुरा. हा सीटीसी चहा. सुमारे १९३० साली आसामात विल्यम मॅकर्चर या गृहस्थाने दातेरी रुळांचे यंत्र सिद्ध केले, त्यात पान चिरडले, फाडले आणि वळले जाते. आज हिंदुस्थानात होणाऱ्या चहाचा फार मोठा हिस्सा याच पद्धतीने तयार होतो. पिशवीतही प्रायः हाच माल, थोडा अधिक बारीक. म्हणजे विलायती पुस्तकांतून उचललेला ‘पान विरुद्ध पिशवी’ हा वाद आपल्या ओट्यावर लागूच पडत नाही. इथे दोन्ही पक्ष एकाच यंत्रातून बाहेर आलेले आहेत. अखंड पान पाहावयाचे असेल तर दार्जिलिंगचा किंवा निलगिरीचा ऑर्थोडॉक्स चहा मागून घ्यावा लागतो, आणि त्याला दुधात आले घालून खळखळा उकळणे ही मात्र, माझ्या मते, दंडनीय गोष्ट आहे.

मग पिशवीची इतकी अपकीर्ती का झाली? बहुतेकांची तिच्याशी भेट प्रवासात किंवा कचेरीत होते, जिथे थर्मासातले कोमट पाणी, दुधाच्या भुकटीची पुडी आणि घाई हे तिघे मिळून चहाचा घात करतात आणि आळ मात्र दोरीला लटकणाऱ्या त्या निरपराध कागदावर येतो. टी-बॅग ही नुकत्याच उकळलेल्या पाण्यात तीन ते पाच मिनिटे निवांत ठेवण्याची वस्तू आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने इथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते, ते भांड्यातून कपात पडेपर्यंत आणखी निवते. तेव्हा जयनगरात तरी पिशवीवर थर्मासातले पाणी ओतू नये. पिशवीतून चहा उतरतच नाही म्हणणाऱ्यांनी दर्शिनीतल्या चहावाल्याकडे एकदा निरखून पाहावे: लांबट कापडी पिशवीत डस्ट भरून तिच्यातून तो वारंवार उकळते पाणी ओततो, काळाशार अर्क खाली उतरतो, आणि त्यावर वाफाळते दूध पडते. कडवेपणा पिशवीने येत नाही, चहा पाण्यात फार वेळ राहिल्याने येतो.

प्लास्टिकची तक्रार मात्र निराधार नाही, फक्त ती भलत्याच आरोपीवर दाखल होते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केले, की ९५ अंशांच्या पाण्यात एक प्लास्टिकची पिशवी सुमारे ११६० कोटी सूक्ष्मकण सोडते. पुढे अन्य शास्त्रज्ञांनी या मोजणीवर आक्षेप घेतले. शिवाय मॅकगिलचे ते प्रयोग नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या जाळीदार पिशव्यांवर झाले होते, साध्या कागदी पिशव्यांवर नव्हे. गंमत अशी, की मोठ्या पानाला फुगायला ऐसपैस जागा मिळावी म्हणून ज्या त्रिकोणी, रेशमी दिसणाऱ्या महागड्या पिशव्या निघाल्या, त्याच अशा जाळीच्या असतात. उत्तम पान घेण्याच्या नादात गिऱ्हाईक प्लास्टिक पदरात पाडून घेते. कागद बहुधा मनिला हेम्प आणि लाकडाच्या लगद्याचा असतो, परंतु ज्या पिशव्यांच्या कडा उष्णतेने चिकटवतात त्यांत प्लास्टिकचे धागे मिसळलेले असतात, सबब त्या ओल्या कचऱ्याच्या खतात पुरत्या कुजत नाहीत. दुहेरी कप्प्याची, घडी घालून बंद केलेली पिशवी चिकटवावी लागत नाही. म्हणूनच तिला पूर्वी धातूची पिन मारीत. त्या पिनांवर भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली बंदीचे फर्मान काढले, मुदती वाढत गेल्या, आणि आता गाठ मारलेली किंवा शिवलेली पिशवी बाजारात सहज मिळते.

पिशवीत कॅफीन अधिक की कमी, हा प्रश्न वजनाचा आहे: बारीक दाण्यातून ते लवकर उतरते, पण मूळ साठा तेवढाच. किंमत मात्र पिशवीचीच जड. एका पिशवीत सुमारे २ ग्रॅम चहा असतो, म्हणजे १०० पिशव्यांच्या खोक्यात जेमतेम २०० ग्रॅम. खोक्याची किंमत पावकिलोच्या पुड्याशेजारी ठेवून भागाकार केला की कागद, दोरी आणि चिठ्ठी यांचे किती पैसे आपण मोजले ते कळते. उलट महाग वाटणारे अखंड पान एकाच कपात संपत नाही. त्याच पानावर दुसरे पाणी घालता येते, चांगल्या दार्जिलिंगवर तिसरेही.