शेतात उतरणारी दुर्बीण

तारे जन्माला कसे येतात, असे घरातल्या मुलाने विचारले तर आपण काय सांगावे?

तारे जन्मतात ते वायू आणि धुळीच्या थंडगार, दाट ढगांत. आतल्या नव्या ताऱ्यांचा प्रकाश ही धूळ शोषून घेते, म्हणून साध्या दुर्बिणीला तेथे नुसता काळोख दिसतो. पण धुळीला त्या प्रकाशाची ऊब लागते आणि ती ऊब डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते. चूल झाकली तरी जवळ जाताच धग लागते, तसेच हे. मात्र आपल्या हवेतली वाफ हे किरण खाली पोहोचू देत नाही. उपग्रह पाठवायचा तर खर्च अफाट. त्याहून स्वस्त वाट फुग्याची.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती धरली. १०० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण बनवून संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून ती आकाशात सोडली. हायड्रोजनने भरलेला पातळ प्लॅस्टिकचा प्रचंड फुगा तिला सुमारे ३० किलोमीटर उंच नेतो. तेथून ती तारे घडवणाऱ्या ढगांची धग टिपते. काम संपले की रेडिओच्या इशाऱ्याने फुग्यापासून सुटून हवाई छत्रीने खाली येते.

ती कोठे उतरणार, हे वारा ठरवतो. हैदराबादहून सुटलेली उपकरणे सोलापूरकडच्या भागातही उतरू शकतात. म्हणून केंद्र लोकांना सूचना देते : उपकरण उघडू नका, काहींत जास्त दाबाची वीज असते, जवळच्या पोलिसांना कळवा. कळवणाऱ्याला बक्षीसही मिळते.

एका पेटीचे मोल किती असते ते पाहा. डिसेंबर २००६ मध्ये अंटार्क्टिकावर 'ब्लास्ट' नावाची दुर्बीण फुग्याने उडाली. दूरच्या दीर्घिकांत तारे कसे घडतात, हे तिने ११ दिवस पाहिले. उतरल्यावर छत्री सुटलीच नाही. वाऱ्याने दुर्बीण बर्फावरून सुमारे २०० किलोमीटर फरफटत नेली. दुर्बीण मोडली, पण माहितीची पेटी शोधून काढली गेली आणि सारे श्रम वाचले.

तेव्हा मराठवाडा-सोलापूरकडच्या आपल्या शेतकरी, शेतमजूर बंधु-भगिनींना आमचे सांगणे एवढेच : वावरात आभाळातून काही उतरले तर भानामती म्हणून घाबरू नका, भंगार म्हणून मोडू नका. त्यात कोणाची तरी वर्षांची मेहनत असते. पोलिसांना कळवा. आणि मुलांना दुरून दाखवून सांगा, ही वस्तू ताऱ्यांचे जन्मस्थान पाहून आली आहे.