मुलांचा चष्मा : नंबर कोणी काढावा, पैसे कशावर घालावेत

‘मला नीट दिसत नाही’ हे वाक्य लहान मुलाच्या तोंडून मी क्वचितच ऐकले आहे. जन्मापासून ज्याला जग धूसरच दिसले, त्याला ते इतरांना तसे दिसत नाही हे कळावे कसे? तक्रार येते ती निराळ्याच रूपाने. मूल टीव्हीला नाक लावून बसते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, मान तिरकी करून पाहते, चेंडू झेलायला भिते. घरातले त्याला धांदरट किंवा अभ्यासात मागे ठरवून मोकळे होतात आणि माझ्याकडे येतात ते भूक लागण्याचे टॉनिक लिहून घ्यायला. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात डोळ्यांचा विषय निघतो तो असा आडवाटेने.

याहून फसवी परिस्थिती म्हणजे एकाच डोळ्याला मोठा नंबर असणे. दुसरा डोळा उत्तम असल्याने मुलाचे काहीच अडत नाही आणि मेंदू अंधुक डोळ्याकडून येणारी प्रतिमा हळूहळू नाकारू लागतो. हीच मंददृष्टी; बोलीत आपण तिला आळशी डोळा म्हणतो. काही वर्षांपूर्वी काचीगुड्यातल्या एका मराठी कुटुंबातली साडेपाच वर्षांची मुलगी खोकल्यासाठी आली होती. भिंतीवरचा तक्ता दोन्ही डोळ्यांनी ती घडाघडा वाचत होती. उजवा डोळा झाकताच मात्र रडू लागली, माझा हात बाजूला सारू लागली. नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीत डाव्या डोळ्याचा नंबर अधिक ५ निघाला. उजवा जवळजवळ निर्दोष. चष्मा आणि रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी, एवढ्या उपचारावर दीड वर्षात डावा डोळा तक्त्याच्या शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचला. ‘मुलीच्या जातीला एवढ्यात चष्मा कशाला?’ असे प्रथम म्हणणाऱ्या आजींनीच पुढे पट्टीचे काम नेमाने सांभाळले. सात-आठ वर्षांच्या आत हा उपचार सर्वांत चांगला लागू पडतो. नंतरही काही मुलांना लाभ होतो, पण यशाची शाश्वती उतरत जाते.

म्हणूनच मुलाचा पहिला नंबर दुकानातल्या ‘कॉम्प्युटर’वर काढू नये, असा माझा आग्रह असतो. मुलांच्या डोळ्यांतील स्नायू जवळचे पाहण्यासाठी सहज आवळतात. यंत्रात डोकावतानाही आवळतात. त्यामुळे यंत्र उणे नंबर वाढवून दाखवते आणि अधिक नंबर लपवते. सायक्लोपेंटोलेट किंवा होमॅट्रोपीनचे थेंब, अगदी लहान मुलांत अॅट्रोपीनचे मलम घालून तो स्नायू सैल केला, की रेटिनोस्कोपने खरा नंबर मिळतो. मुलाने एक अक्षरही वाचण्याची गरज नसते. थेंबांनंतर दिवसभर, आणि अॅट्रोपीननंतर आठ-दहा दिवसही, जवळचे अंधुक दिसते व उजेड सहन होत नाही. पालक याला घाबरतात. त्यांना आधी सांगून ठेवले की निम्मे भय जाते.

अशी तपासणी परवडणार कोठे? या बाबतीत आपण हैदराबादकर भाग्यवान आहोत. मेहदीपट्टणमचे सरोजिनी देवी नेत्र रुग्णालय शासकीय आहे. बंजारा हिल्स येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात उभी राहिली. तेथे ऐपत नसलेल्या रुग्णांवर विनामूल्य उपचार होतात. या संस्थेची रचना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. खेड्यापाड्यांतील दृष्टिकेंद्रांत त्याच परिसरातील प्रशिक्षित तरुण-तरुणी नंबर काढतात व चष्माही तेथेच देतात. अवघड रुग्ण वरच्या केंद्राकडे जातो. नांदेडच्या सीमेलगतच्या, मराठी सर्रास बोलल्या जाणाऱ्या मुधोळ येथेही संस्थेचे केंद्र आहे. त्या बाजूच्या नातलगांना शहरात बोलावून घेण्यापूर्वी हे लक्षात असावे.

तेलंगण शासनाने २०१८ आणि २०२३ साली ‘कंटि वेलुगु’ ही मोहीम राबवून गावोगावी चष्मे वाटले. काम मोठे होते. परंतु मोहीम संपते आणि मुलाचा नंबर मात्र बदलत राहतो. त्याला वर्षानुवर्षे जाता येईल असे एक ठिकाण हवे. शाळकरी मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांत येतात. दृष्टिदोष त्यांच्या यादीत आहे. पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरात विसरली जाऊ नये.

आता पैशांविषयी. चष्म्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तरी दुकानात खरा खर्च वाढतो तो फ्रेमवरच्या नावामुळे आणि भिंगावरच्या निरनिराळ्या लेपांमुळे. कोठी-आबिड्सच्या साध्या दुकानातला चष्मा झगमगीत दालनातल्यापेक्षा कमी प्रतीचा असतो, हा समज निराधार आहे. मुलासाठी पैसे घालावेत ते पॉलिकार्बोनेटच्या भिंगावर, कारण पडल्या-आपटल्याने ते सहसा फुटत नाही. खऱ्या काचेचे भिंग मुलाला देऊच नये. कमी नंबरसाठी महागडे ‘पातळ’ भिंग हा निव्वळ अपव्यय. निळा प्रकाश अडवणाऱ्या लेपाने डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचा पुरावा कॉक्रेनच्या २०२३ च्या आढाव्यात मिळाला नाही. तो आग्रह नम्रपणे नाकारावा.

फ्रेमच्या बाबतीत आपल्याकडे एक जुनी खोड आहे : शाळेच्या गणवेशासारखी ती ‘वाढत्या अंगाची’ घ्यायची. मोठी फ्रेम नाकावरून घसरते, मूल भिंगाच्या वरून पाहते आणि चष्मा असून नसल्यासारखा होतो. बाहुली भिंगाच्या मध्याशी यावी, काड्या कानामागे नीट बसाव्यात. नंबराच्या कागदावर दोन बाहुल्यांमधले अंतरही लिहून मागावे आणि बिलात फ्रेम व भिंग यांची किंमत वेगळी दाखवायला सांगावे. घरपोच मागवलेला चष्मा मोठ्या, साधा नंबर असलेल्या मुलाला चालेल. पाच वर्षांच्या मुलाच्या नाकावर मात्र तो कोणीतरी हाताने बसवून पाहावा लागतो.

सहकारी डॉक्टरांना एक विनंती. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत व्हावीच, हे आपण जाणतो. तीन-चार वर्षांच्या लसीला आलेल्या मुलाचा एकेक डोळा झाकून पाहणे मात्र गर्दीत राहून जाते. त्याला दोन मिनिटे लागतात. अक्षरे न येणाऱ्यासाठी चित्रांचा तक्ता मिळतो. घर, सफरचंद, चौकोन, वर्तुळ. आणि डॉक्टरांच्याच घरातली मुले सर्वांत उशिरा तपासली जातात, हे मी आपल्या स्नेहमेळाव्यात अनेकदा पाहिले आहे.

चष्मा लागला की पहिली काही वर्षे दर सहा महिन्यांनी नंबर पुन्हा पाहावा लागतो. नंबर तोच असेल आणि भिंगावर चरे नसतील, तर जुनी भिंगे त्याच मापाच्या नव्या फ्रेममध्ये बसवून मिळतात. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, विचारावे लागते.