लाल घळींतील प्रकाश आणि कॅमेऱ्याची साक्ष

अमेरिकेंत शिक्षणास किंवा नोकरीस गेलेलीं मुलें आरिझोना प्रांतांतील वाळवंट पाहून येतात आणि तेथील दऱ्यांचीं छायाचित्रें घरीं धाडतात, हें आतां घरोघरचें झालें आहे. चित्र आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या हातांतून फिरतें, आणि शेवटीं प्रश्न बहुधा एकच उरतो : खडकाचा हा निखाऱ्यासारखा रंग खरा, कीं यंत्रानें चढविलेला? प्रश्न पोरकट वाटला तरी तसा नाहीं. ज्या प्रदेशांतील एक अखंड दरी मनुष्याच्या हातून पाण्याखालीं गेली आणि कित्येक वर्षें केवळ चित्रांतच उरली, तेथें चित्र खरें बोलतें कीं खोटें, याची चौकशी करणें अवश्य आहे.

प्रथम स्थळ पाहूं. पेज नांवाच्या गांवाजवळ, नवाहो लोकांच्या मुलुखांत, अँटिलोप कॅन्यन म्हणून प्रसिद्ध असलेली दरी आहे. तिला दरी म्हणण्यापेक्षां आपला ‘घळ’ हा शब्दच अधिक शोभेल. कारण कित्येक ठिकाणीं हात पसरले असतां ते दोन्हीं भिंतींस लागतात. तिच्या वरच्या भागाचें नवाहो भाषेंतील जें नांव आहे, त्याचा अर्थ ‘जेथें पाणी खडकांतून वाहतें तें स्थान’ असा होतो. इंग्रजी नांवापेक्षां तें आम्हांस शतपट यथार्थ वाटतें, कारण पाण्यानेंच ती घळ कोरली. तें पाणी अद्यापि येतें. १२ ऑगस्ट १९९७ रोजीं कित्येक मैल दूर पडलेल्या पावसाचा लोंढा खालच्या घळींत शिरला आणि ११ प्रवासी मृत्युमुखीं पडले. वाटाड्यावांचून तेथें कोणास जाऊं देत नाहींत, तें योग्यच आहे.

सह्याद्रींतील घळ काळ्या कातळाची; ती प्रकाश गिळून टाकते. येथील खडक वालुकाश्माचा, लोहाच्या गंजानें तांबडा झालेला. माध्यान्हीचें ऊन वरच्या कडेवर पडतें, तेथून समोरच्या भिंतीवर, तेथून पुनः अलीकडच्या भिंतीवर, अशा उड्या घेत तें तळाशीं पोहोंचतें. आणि दर उडीस त्यांतील निळा अंश खडक खातो व तांबडा तेवढा परत देतो. म्हणून वर पिवळा, मध्यें नारिंगी, खालीं गडद तांबडा असा क्रम लागतो. आणि जेथें या उन्हाची पोंच नाहीं, केवळ आकाशाचा निळसर उजेड झिरपतो, तेथें जांभळी छाया पडते. तेव्हां रंग स्थळाचाच आहे. मात्र आपला डोळा थोड्याच वेळांत त्यास सरावतो व तें तांबडेपण कमी मानूं लागतो. कॅमेऱ्यास स्वतःच्या मतानें रंग ठरवूं दिला तर तोहि तेंच करतो आणि खडक फिक्का करून टाकतो. जाणते लोक त्यास उघड्या उन्हाच्या मापावर बांधून ठेवतात. मग जेथें तिवई नेण्याची मुभा असेल तेथें कांहीं सेकंद पडदा उघडा ठेवला कीं डोळा जें विसरला तेंहि चित्रांत उतरतें.

भिंगाची गोष्ट निराळी. ३५ मिलिमीटर फितीच्या कॅमेऱ्याच्या हिशेबानें ५० मिलिमीटरचें साधें भिंग कर्णावर सुमारें ४७ अंशांचा कोन पाहतें. २४ चें ८४ अंश, आणि १६ चें तर १०७ अंश. घळींत मागें सरावयास जागा नसते, पाठ भिंतीस टेकलेली असते. तेव्हां रुंद कोनाच्या भिंगावांचून गत्यंतर नाहीं. अशा भिंगानें पायापाशीं पडलेला हातभर धोंडा डोंगराएवढा दिसतो, आणि मागील हजार फुटी कडा परसांतल्या कुंपणाएवढा. कॅमेऱ्याचें तोंड वर केलें कीं उभ्या भिंती माथ्याकडे एकमेकींवर कलतात. यास खोटें म्हणावें काय? आमच्या मतें, नाहीं. त्याच जागीं उभें राहिलें असतां परिमाणें तशींच असतात. इतका विस्तार आपण एका दृष्टिक्षेपांत घेत नाहीं, एवढेंच. दोष असेल तर तो धोंड्यास विनाकारण सिंहासनावर बसविणाऱ्या नवशिक्याचा.

फिल्टरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पोलरायझर नांवाची कांच ओल्या खडकावरील चकाकी काढून आंतला रंग दाखविते व आकाश गडद करते. परंतु आकाशाचा उजेड सर्वत्र सारखा ध्रुवित नसतो. सूर्यापासून काटकोनांत असलेल्या पट्ट्यांत तो सर्वांत अधिक असतो. साध्या भिंगांत हा भेद खपून जातो. रुंद भिंगांत मात्र आकाशाच्या मधोमध काळपट निळा पट्टा उमटतो, जो कोणत्याहि देशांतील आकाशांत मनुष्यानें कधीं पाहिला नसेल. भिंग प्रामाणिक, कांचहि प्रामाणिक, पण दोघांची गांठ पडली कीं साक्ष बिघडते! अर्धी काळी व अर्धी स्वच्छ अशी जी कांच समुद्राच्या सरळ क्षितिजास कामास येते, तीहि येथें निरुपयोगी. कारण वांकड्यातिकड्या कड्यांचे माथेच तिच्यांत काळे पडतात.

पण फिल्टर लावला नाहीं म्हणजे चित्र निर्मळ झालें, असेंहि नाहीं. १८७३ सालीं टिमथी ओ’सलिव्हन यानें लेफ्टनंट व्हीलर याच्या पाहणी-मोहिमेंत कॅन्यन डी शे येथील कड्याच्या कपारींतल्या प्राचीन घरांचें चित्र घेतलें. ओल्या कलोडियनची कांच वाळण्यापूर्वीं लेपणें, चित्र घेणें व धुणें हें सर्व त्या वाळवंटांत जागच्या जागीं उरकावें लागे. त्या कांचेस निळा प्रकाश दिसे, तांबडा जवळजवळ दिसत नसे. म्हणून आकाश कोरें पांढरें आणि तांबडा कडा काळसर, त्यावरील पाण्याचे ओघळ रेघ न् रेघ स्पष्ट. पुढें सर्व रंग टिपणाऱ्या फितीवर तांबडी कांच लावणारे आले, तेव्हां आकाश काळें व कडा फिकट झाला. कडा तोच. तरीहि ओ’सलिव्हनचें चित्र आम्हांस अधिक खरें वाटतें, कारण त्यानें कड्याची रचना लपविली नाहीं.

आतां त्या बुडालेल्या दरीकडे वळूं. तिचें नांव ग्लेन कॅन्यन. एलियट पोर्टर हा वैद्यकाचा पदवीधर, हार्वर्ड येथील अध्यापन सोडून छायाचित्रणाकडे वळलेला गृहस्थ १९६० पासून तेथें मोठा कॅमेरा घेऊन जाऊं लागला. विराट देखाव्यांपेक्षां त्याचा ओढा जवळच्या गोष्टींकडे : सावलींतली भिंत, ओल्या वाळूंत उतरलेलें आकाश, खडकावरील डाग. भडक ऊन तो टाळी व परावर्तित प्रकाशाची वाट पाही. १९६३ सालीं कोलोरॅडो नदीवरील ७१० फूट उंचीच्या धरणाचे दरवाजे बंद झाले, आणि त्याच वर्षीं सिएरा क्लब या संस्थेनें त्याचें पुस्तक काढलें : ‘द प्लेस नो वन न्यू’, म्हणजे कोणासच ठाऊक नसलेलें स्थळ. १९८० सालीं जलाशय कांठोकांठ भरला. त्या दरीचा रंग कसा होता हें विचारावयास पोर्टरसारख्यांच्या चित्रांखेरीज जागा राहिली नाहीं.

पुढें दुष्काळानें व उपशानें पाणी ओसरत गेलें, आणि २०२३ च्या आरंभीं तें जलाशय भरल्यापासून तोंवरच्या सर्वांत खालच्या पातळीस पोहोंचलें. कांहीं बाजूच्या घळी पुनः वर आल्या. त्यांच्या भिंतींवर क्षारांचा पांढरा पट्टा चढलेला आहे, जो पोर्टरच्या पानांत नाहीं. तळाशीं सांचलेला गाळ पावसाळी लोंढे हळूहळू वाहून नेत आहेत, आणि कित्येक ठिकाणीं पाण्याच्या कडेनें विलोचीं झाडें पुनः उगवूं लागलीं आहेत.