दम आधी परततो, हाड मागाहून

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०१८ साली घोट्याच्या दुखापतीपायी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला मुकला. त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं २९.८० सेकंदांत पूर्ण करून गोपाल सैनी यांचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. अशा वेळी मैदानावरची मंडळी एकाच शब्दावर येतात: जिद्द. ती हवीच, पण नुसत्या जिद्दीवर परतलेला धावपटू बहुधा पुन्हा फिजिओच्याच दारात दिसतो.

मोठा गैरसमज विश्रांतीचा. आठवडाभर धावणं थांबलं की ‘सगळा स्टॅमिना गेला’ अशी धास्ती. प्रत्यक्षात सराव दोन-तीन आठवडे पूर्ण बंद राहिला, तर शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता साधारण सहा-सात टक्क्यांनी उतरते आणि पुढे सरावाने भरूनही येते. घोळ होतो तो परतताना. हृदय-फुप्फुसं लवकर तयार होतात. कंडरा आणि हाडं सावकाश. नडगीला ताणामुळे बारीक तडा गेला असेल, तर तो भरायला सहसा सहा ते आठ आठवडे तरी लागतात. दम पुरतोय म्हणून वेग वाढवण्याचा मोह नेमका याच काळात होतो. तोवर सायकल, पोहणं, कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात धावणं यांवर दम राखता येतो. मग अर्धा तास न दुखता भरभर चालणं जमलं, की मिनिटभर धाव आणि मिनिटभर चाल. कंटाळवाणं आहे खरं, पण इथेच घाई नडते.

रोज जीव काढल्याशिवाय सराव होत नाही, हीही समजूत पक्की. शास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ८० टक्के सत्रं गप्पा मारता येतील इतक्या सोप्या वेगाची निघाली. जोराच्या दिवशी जोर लावता येतो, तो त्यामुळेच.

आणि खंबीर मन म्हणजे ठरलेली वाट न सोडणं? एलियुड किपचोगेला २०१२च्या लंडन ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात जागाच मिळाली नाही. ५००० मीटरच्या या माजी जगज्जेत्याने ट्रॅकचा हट्ट सोडला आणि २०१३ मध्ये हॅम्बर्गला पहिलीच मॅरेथॉन जिंकली. पुढे २०२० मध्ये लंडनला तो आठवा आला, तेव्हा त्याची सद्दी संपल्याची कुजबुज झाली. दहा महिन्यांनी साप्पोरोत त्याने दुसरं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं.