आकाशातील फुगा आणि आपले शिवार

वातावरणाच्या उंच थरांतील संशोधनासाठी हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून पातळ पॉलिथिनचे महाकाय फुगे सोडण्यात येतात. परदेशात अशा फुग्यांत बहुधा हेलियम भरतात. तो पेट घेत नाही, परंतु महाग असतो. हैदराबादला हायड्रोजन वापरला जातो. हवेपेक्षा हलका असा हा वायू दर घनमीटरला सुमारे १ किलो भार उचलतो.

जमिनीवर फुगा पूर्ण भरीत नाहीत. केवळ माथा फुगवून उरलेला भाग ढिला ठेवतात. ३० किलोमीटर उंचीवर हवेचा दाब भूपृष्ठावरील दाबाच्या सुमारे १०० व्या हिश्श्याइतका उरतो आणि वायू अनेक पटींनी प्रसरण पावतो. त्यासाठी ही मोकळी जागा हवी.

कार्य संपल्यावर उपकरणे रंगीत हवाई छत्रीने खाली येतात. ती महाराष्ट्रातील शेतांतही उतरू शकतात. काहींत उच्च दाबाची वीज असते. म्हणून ती उघडू अथवा हलवू नयेत. पोलीस ठाण्यास किंवा टपाल कार्यालयास त्वरित कळवावे. शास्त्रज्ञांचे दीर्घ परिश्रम त्यांतील नोंदींवर अवलंबून असतात, हे पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ग्रामस्थांना आवर्जून समजावून सांगावे.