डाग कुठून आला? विमानाच्या मॉडेलचं रंगकाम, डेकल आणि वेदरिंग



आजचा विषय आपल्या नेहमीच्या पाठांपेक्षा थोडा वेगळा आहे. प्लास्टिकच्या किटमधून जोडलेलं लढाऊ विमान कसं रंगवायचं, त्यावरच्या खुणा कशा लावायच्या आणि ते विमान वापरलेलं, उन्हापावसातून आलेलं कसं दाखवायचं, हे आपण पाहणार आहोत. यातल्या शेवटच्या कामाला वेदरिंग म्हणतात. विषय छंदाचा आहे हे खरं, पण चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलांना सोबत घेऊन केला तर त्यात गणित, विज्ञान आणि इतिहास आपोआप येतात.

मॉडेल जोडून झालं की बहुतेक मुलं (मोठी माणसंसुद्धा) काळा आणि तपकिरी रंग सगळीकडे फासतात. लढाईतलं विमान म्हणजे मळकंच असणार, असा हिशोब. मळकं असतंच, पण वाटेल तिथे नसतं. प्रत्येक डागाला कारण असतं, आणि मुलाला ते सांगता येत नसेल तर तो डाग तिथे नको. माझा सगळा भर यावर आहे.

उदाहरणासाठी मिग-२१ घेऊ. नाशिकजवळ ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. इंजिनं ओडिशात कोरापूटला बनायची आणि विमानाचा सांगाडा ओझरला. हवाई दलात हे विमान १९६३ साली आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला निरोप दिला गेला. म्हणजे आजच्या पहिलीतल्या मुलाला ते दिसणार फक्त फोटोत, चौथऱ्यावर किंवा मॉडेलमध्ये. यात एक सावधगिरी बाळगा. चौथऱ्यावरचं विमान बघून मॉडेल रंगवू नका. ती विमानं नंतर कोणीतरी पुन्हा रंगवलेली असतात, हाताशी असेल त्या रंगात. विमान सेवेत असतानाचे, शक्यतो त्याच वर्षातले फोटो शोधा.

आधी मापाचं गणित

किटच्या डब्यावर १/७२ किंवा १/४८ असं लिहिलेलं असतं. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर म्हणजे मॉडेलचा एक सेंटिमीटर. मिग-२१च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर. भागाकार मुलांना करू द्या, उत्तर जेमतेम दहा सेंटिमीटर येतं. आता उलटा गुणाकार करायला सांगा. मॉडेलवर आपण एक मिलिमीटरचा रंगाचा टवका दाखवला, तर खऱ्या विमानावर तो केवढा? सव्वासात सेंटिमीटर! एवढा टवका उडालेलं विमान मेकॅनिक तसंच सोडेल का? रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड बसला, तर तो खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा लेप झाला. ‘पातळ रंग, दोन-तीन हात’ असं आपण मुलांना नेहमी सांगतो, ते का सांगतो हे या गुणाकारात दिसतं.

मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून बघतो. तीस गुणिले बहात्तर, म्हणजे खरं विमान सुमारे साडेएकवीस मीटरवरून बघितल्यासारखं. एवढ्या अंतरावर रंग थोडा फिका दिसतो. म्हणून मुरलेले मॉडेलवाले शुद्ध काळा वापरत नाहीत, गडद राखाडी वापरतात आणि बाकीच्या रंगांतही थेंबभर पांढरा घालतात.

जाता जाता सांगतो, १/७२ या मापाचा शाळांशी जुना संबंध आहे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून याच मापाची पाच लाख लाकडी विमानं मागवली होती. ती काळी रंगवायची होती, कारण सैनिकांना आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे नुसत्या आकारावरून ओळखायला शिकवायचं होतं. ती विमानं वर्गात दहा मीटरवर धरली की सातशे वीस मीटरवरच्या विमानाएवढी दिसायची. शैक्षणिक साहित्यच म्हणा ना!

रंग

जोडणीपूर्वी किटचे सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्या. साच्यातून सुटायला लावलेलं तेल त्यावर असतं आणि ते राहिलं तर रंग धरत नाही. जोडणीनंतर सांध्यात पुट्टी भरायची (गॅरेजवाले तिला लांबी म्हणतात), पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं. कोरडं घासलं तर प्लास्टिकची धूळ नाकात जाते. मग राखाडी प्राइमरचा एक हात. प्राइमर म्हणजे अस्तर, पण त्याचं खरं काम चुगली करणं! सांध्यातली फट आधी नजरेला दिसत नाही, प्राइमर दिला की लगेच दिसते. परत पुट्टी, परत घासणं. मुलं इथे कंटाळतात. त्यांना कंटाळू द्या, पण ही पायरी सोडू देऊ नका.

शाळेतले पोस्टर कलर प्लास्टिकवर टिकत नाहीत, सुकले की निघून येतात. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्या. एअरब्रश असेल तर उत्तम, रंग दुधाइतका पातळ करायचा. नसेल तर रुंद, मऊ ब्रशने एकाच दिशेने, आणि पहिला हात पूर्ण सुकल्यावर दुसरा. आधी फिका रंग, मग गडद. पोटाकडचा रंग आधी, पाठीचा नंतर.

१९७१चं मिग-२१ घेतलंत तर रंगाचा एक छान धडा मिळतो. त्या वेळची एफएल प्रकारची विमानं मुळात उघड्या धातूची, चंदेरी होती. युद्ध जवळ आलं तेव्हा जमिनीवर आणि हवेत ती चमकू नयेत म्हणून त्यांच्यावर हिरव्या-तपकिरी छटांचे पट्टे मारले गेले. काम घाईचं आणि ठिकठिकाणचं, त्यामुळे दोन विमानांचं रंगकाम तंतोतंत सारखं नव्हतं. म्हणून अशा मॉडेलवर रंगाची कडा थोडी वेडीवाकडी आली तरी चालते. आणि टवका उडालाच तर खाली काय दिसेल? चंदेरी धातू. मुलाने हे उत्तर स्वतःहून दिलं, तर इतिहासही समजला आणि थरांचा क्रमही समजला.

डेकल

डेकल म्हणजे पाण्यात सोडवून चिकटवायच्या पातळ पापुद्र्यावरच्या खुणा. वर्तुळ, झेंडा, क्रमांक आणि ‘इथे पाय ठेवू नका’ छापाची बारीक अक्षरं. इथे एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डेकल खरखरीत पृष्ठभागावर लावायचं नाही. मॅट रंग सूक्ष्मपणे खडबडीत असतो, त्या खळग्यांत हवा अडकते आणि सुकल्यावर डेकलभोवती चंदेरी धुरकट कडा दिसते. म्हणून आधी चकचकीत वार्निशचा हात, तो चोवीस तास सुकू द्यायचा, मग डेकल.

डेकल कापून दहा-पंधरा सेकंद पाण्यात धरा, मग ओल्या टिपकागदावर ठेवा. बोटाने ढकलून सरकतंय असं वाटलं की मॉडेलवर थेंबभर पाणी टाकून त्यावर सरकवा. जागेवर बसलं की टिपकागदाने मधून कडेकडे पाणी टिपा. डेकल मऊ करणारं द्रावण मिळतं. ते लावलं की डेकल आधी सुरकुततं. मुलं घाबरून बोट लावतात आणि तिथेच ते फाटतं. हात मागे घ्यायचा! सुकताना ते आपोआप ताणलं जातं आणि पॅनेलच्या रेषांत उतरतं, रंगवल्यासारखं दिसतं.

खुणा नीट बघायला शिकवा. भारतीय हवाई दलाच्या आजच्या वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडणाऱ्या भारतीय विमानांच्या वर्तुळात फक्त निळ्या आणि फिक्या छटा असायच्या. ब्रिटिश वर्तुळातला लाल ठिपका तिथे मुद्दाम काढून टाकला होता, कारण जपानी विमानावर लाल सूर्य असायचा आणि आपल्याच माणसाने आपल्यावर गोळी झाडण्याची भीती होती. एका ठिपक्यावर जीव अवलंबून होता. हे कळल्यावर डेकल तिरकं लावायला मुलांचा हात धजत नाही.

वेदरिंग : आधी एसटी बघा

मॉडेलला हात लावायच्या आधी मुलांना एसटी स्टँडवर न्या. जुनी लालपरी उभी असेल ती चारी बाजूंनी बघायला सांगा. पायरीवरचा रंग कुठे झिजलाय? दाराच्या दांड्यावर हाताच्या उंचीवरच का झिजलाय? डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली ओघळ आहे, तो वर का नाही? चिखल चाकामागेच का? छपराचा लाल रंग बाजूच्यापेक्षा फिका का? वहीत चित्र काढून बाण दाखवायचे. मग विमानावर हेच प्रश्न विचारायचे.

पायलट कुठून चढतो, मेकॅनिक कोणतं झाकण रोज उघडतो? रंग तिथे झिजेल. इंधन कुठून भरतात? त्या झाकणापासून डाग. उडताना हवा पुढून मागे जाते म्हणून डागही मागे ओढला जातो, उभ्या विमानावर मात्र ओघळ सरळ खाली येतो. दोन्ही दिशा एकाच विमानावर दिसू शकतात. मिगच्या शेपटीकडचा जेटच्या तोंडाजवळचा धातू उष्णतेने निळसर-तपकिरी होतो, तिथे रंग टिकणारच नाही. एफएल प्रकारात अंगात तोफ नव्हती, गरजेप्रमाणे पोटाखाली वेगळा तोफेचा डबा लावत. मग डबा न लावलेल्या एफएलच्या पोटाला बारुदाची काजळी कुठून येईल?

आता गंज. तपकिरी गंज हा मुलांचा आवडता रंग. पण विमानाची कातडी बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, आणि लोखंडासारखा तांबडा गंज ॲल्युमिनियमला येत नाही. घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि लोखंडी तवा शेजारी ठेवून दाखवा, वेगळं शिकवायला नको. ॲल्युमिनियमचा टवका चंदेरीच दाखवायचा, चांदी रंगाच्या पेन्सिलच्या टोकाने, अगदी थोडा.

पण चंदेरीसुद्धा सगळीकडे नाही. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली आपल्या १ नंबर स्क्वॉड्रनने हरिकेन विमानं उडवली. हरिकेनचा मागचा अर्धा भाग कापडाने मढवलेला असे. कापड फाटेल, मळेल, त्यावर ठिगळ लागेल, पण त्यातून चांदी कशी दिसेल? मॉस्किटो विमान तर प्लायवूडचं होतं. वस्तू कशाची आहे हे माहीत नसेल तर ती जुनी कशी होते हे दाखवता येत नाही.

कृती थोडक्यात सांगतो. डेकलवर पुन्हा वार्निशचा हात, म्हणजे ती सुरक्षित राहतात. मग गडद राखाडी ऑइल कलर थिनरमध्ये अगदी पातळ करून पॅनेलच्या रेषांत सोडायचा, तो रेषेतून आपोआप धावतो. याला वॉश म्हणतात. अर्ध्या तासाने जास्तीचा रंग कापडाने, हवेच्या दिशेने पुसायचा. त्यावर मॅट वार्निश. काजळी आणि धूळ सगळ्यात शेवटी: सुके पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी करायची आणि मऊ ब्रशने लावायची. भुकटीवर वार्निश मारलं तर निम्मी भुकटी दिसेनाशी होते, म्हणून ती तशीच ठेवायची आणि मॉडेल हाताळायचं नाही.

थिनर, स्प्रे आणि कटर ही मोठ्यांची कामं. खिडकी उघडी, तोंडाला मास्क, आणि दहा वर्षांखालच्या मुलांना फक्त पाण्याचे ॲक्रिलिक.

काही पालक विचारतात, सर, मुलांच्या हातात युद्धाचं खेळणं कशाला? प्रश्न रास्त आहे. माझ्या मते चकचकीत, कोरं, डब्यावरच्या चित्रासारखं विमान हे खेळणं राहतं. काजळीचं कारण विचारलं की तसं राहत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी २८ नंबर स्क्वॉड्रनच्या मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली. त्या दिवशीचं विमान करायचं असेल, तर पंखाखालच्या रॉकेटच्या नळ्यांच्या तोंडाशी काळं लावावं लागतं. लावताना मूल विचारतंच, रॉकेट कुठे गेलं, आत कोण होतं? त्या इमारतीत माणसं होती, हे मी सांगतो. गव्हर्नरांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी शरणागती झाली, हेही सांगतो. हे बोलणं पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदावरून होत नाही, हातात ब्रश असताना होतं. पाचवीच्या खालच्या मुलांसोबत मात्र मी हे टाळतो, त्यांच्यासाठी प्रवासी विमान किंवा हेलिकॉप्टर घ्या.

पहिल्या वेळी मुलाला एकच काम द्या: विमानावर फक्त पाच डाग, आणि प्रत्येकासमोर वहीत एक ओळ, हा कुठून आला. सहावा डाग हवा असेल तर आधी ओळ लिहायची.